विश्लेषण : नवी केबल, महागडा डॅक, ‘हाय-रेस’ इअरबड्स... आवाजात खरेच जमीन-अस्मानाचा फरक पडतो का?

हेडफोन, इअरबड्स, साउंडबार, अॅम्प्लिफायर किंवा अगदी दीड मीटर लांबीची तार. यांपैकी काहीही नवे घेतले की त्याविषयी बोलण्याची एक ठरावीक भाषा आहे. ‘जमीन-अस्मानाचा फरक’, ‘गाण्यावरचा पडदाच सरकला’, ‘गायिका समोर बसून गाते आहे’, ‘पंधरा वर्षे ऐकलेल्या गाण्यात पहिल्यांदाच तबल्याची शाई ऐकू आली’. ही वाक्ये जाहिरातीत असतात, यूट्यूबवरच्या परीक्षणात असतात आणि ज्याने स्वतःच्या खिशातले पैसे मोजले त्याच्या तोंडीही असतात. तीन हजारांच्या इअरबड्ससाठी जे शब्द, तेच तीन लाखांच्या स्पीकरसाठी आणि तेच विजेच्या पिनेत खुपसायच्या वायरसाठीही. हा फरक यंत्रात असतो, कानात असतो की फक्त शब्दांत? आणि हप्ते भरून खरेदी करणाऱ्याने या शब्दांवर किती विश्वास ठेवावा?

ही भाषा आली कुठून?

ती आजची नाही. थॉमस एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून साधारण दहा वर्षे अमेरिकेत ‘टोन टेस्ट’ नावाचे जाहीर कार्यक्रम केले. रंगमंचावर गायिका उभी असे आणि शेजारी कंपनीचा फोनोग्राफ. गायिका मध्येच थांबे, रेकॉर्ड पुढे गात राही. काही कार्यक्रमांत दिवे मालवले जात. दिवे लागले की गायिका मंचावर नाहीच, हे पाहून श्रोते थक्क होत. खरा आवाज कुठे संपला आणि यंत्र कुठे सुरू झाले हे कळलेच नाही, अशी वर्णने तेव्हाच्या वर्तमानपत्रांत छापून आली.

आज त्याच रेकॉर्ड ऐकल्या तर फसगत होणे अशक्य वाटते. तेव्हा मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण होत नसे, भोंग्यासमोर गायले जाई. खर्जाचे आणि टिपेचे बरेच ध्वनी नोंदलेच जात नसत. अॅना केस या गायिकेने पुढे सांगितले, की त्या कार्यक्रमांत तिने आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेतला होता. म्हणजे यंत्र माणसासारखे गात नव्हते, माणूस यंत्रासारखा गात होता. तरीही ‘हुबेहूब खरा आवाज’ हा दावा तेव्हा केला गेला, पुढे एलपीबद्दल केला गेला, १९८२ मध्ये आलेल्या सीडीबद्दल केला गेला आणि आज ब्लूटूथ इअरबड्सबद्दलही केला जातो.

परीक्षणाची आजची भाषा मात्र १९६२ नंतरची. त्या वर्षी जे. गॉर्डन होल्ट यांनी अमेरिकेत ‘स्टीरिओफाइल’ हे मासिक सुरू केले. तोवर मासिके यंत्राची मोजमापे छापत आणि आकडे बरे असले की यंत्र बरे असे सांगून मोकळी होत. यंत्र घरी लावून, गाणे ऐकून, ते कसे वाटते हे लिहिले पाहिजे, असा होल्ट यांचा आग्रह होता आणि तो रास्तच होता. त्यासाठी त्यांनी शब्दांचा कोशही तयार केला. पण २००७ मधील एका मुलाखतीत त्याच होल्ट यांनी खंत व्यक्त केली. डोळे झाकून घेतलेल्या चाचण्यांना या व्यवसायाने नकार दिला आणि तिथेच आपली विश्वासार्हता गमावली, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. शब्द उरले, ते तपासण्याची सोय मात्र राहिली नाही.

फरक वाटतो असे सांगणारा खोटे बोलत असतो का?

नाही. या विषयातली सर्वांत मोठी गफलत इथेच होते. एक बाजू म्हणते, ‘मला ऐकू आला, म्हणजे फरक आहे.’ दुसरी बाजू म्हणते, ‘मोजमापात दिसत नाही, म्हणजे तू थापा मारतोस.’ दोघेही चुकतात.

ऐकणे म्हणजे केवळ कानाच्या पडद्याचे थरथरणे नव्हे. मेंदू त्या थरथरीत डोळ्यांना दिसणारे, आधीपासून माहीत असलेले आणि अपेक्षित असलेले सारे मिसळतो. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवले, की ‘बा’ असा ध्वनी ऐकवताना ‘गा’ म्हणणाऱ्या ओठांचे चित्र दाखवले तर अनेकांना ‘दा’ ऐकू येते. डोळे मिटले की पुन्हा ‘बा’. हे माहीत असूनही परिणाम टळत नाही.

किमतीचेही तसेच. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांना एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून पाजण्यात आली. ९० डॉलरची म्हटल्यावर ती अधिक आवडली. इतकेच नव्हे, तर मेंदूच्या स्कॅनमध्ये सुखाच्या अनुभवाशी जोडलेल्या भागाची हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे आनंद खोटा नव्हता. फक्त तो बाटलीतून नव्हे, चिठ्ठीवरच्या आकड्यातून आला होता.

नव्या केबलनंतर गाणे अधिक गोड वाटले, तर तो गोडवा खराच. प्रश्न एवढाच, की तो तारेतून आला की बिलातून? त्यात आणखी एक भर पडते. नवी वस्तू आली की माणूस एरवी बसत नाही तसा लक्ष देऊन ऐकायला बसतो. भांडी घासता घासता ऐकलेले गाणे पंधरा वर्षांनी एकचित्ताने ऐकले, तर तबल्याची शाई जुन्या स्पीकरवरही ऐकू येण्याची बरीच शक्यता असते.

डोळे झाकल्यावर काय होते?

यावर गेली चार दशके प्रयोग होत आहेत. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनितज्ज्ञांनी १९९४ मध्ये हार्मन कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले. एकदा स्पीकर समोर दिसत असताना, एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठ्या, देखण्या, महागड्या स्पीकरना भरभरून गुण मिळाले आणि छोटा, स्वस्त, प्लास्टिकचा संच मागे पडला. पडदा ओढल्यावर तोच छोटा संच बरोबरीला आला. ही मंडळी ध्वनीच्याच व्यवसायातल्या कंपनीची होती.

अमेरिकेतील ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ मासिकाने १९८७ मध्ये सुमारे २०० डॉलरपासून १२ हजार डॉलरपर्यंतचे अॅम्प्लिफायर डोळ्यांआड ठेवून ऐकवले. आवाजाची पातळी समान ठेवल्यावर श्रोत्यांची उत्तरे नाणे उडवून द्यावीत तशी आली.

२००७ मध्ये ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण थेट आणि तेच सीडीच्या दर्जावर उतरवून, असे दोन्ही ऐकवून कोणते कोणते ते ओळखायला सांगितले गेले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले. म्हणजे ४९.८ टक्के.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांचा, १२ हजार ५०० हून अधिक प्रयत्नांचा एकत्रित अभ्यास केला. त्यात लोक किंचित का होईना फरक ओळखतात असे दिसले. एकूण प्रमाण ५२.३ टक्के होते आणि भरपूर सराव दिलेल्या श्रोत्यांत ते आणखी वाढले. म्हणजे ‘काहीच फरक नसतो’ हेही ठामपणे म्हणता येत नाही. पण शंभरात ५० ऐवजी ५२ वेळा ओळखू येणाऱ्या गोष्टीला ‘जमीन-अस्मानाचा फरक’ म्हणायचे का, हा प्रश्न भाषेचा आहे आणि त्याचे उत्तर सोपे आहे.

दुकानात नवा स्पीकर नेहमी सरस का वाटतो?

कारण बहुतेकदा तो थोडा मोठ्याने वाजत असतो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की मानवी कान सर्व स्वरांना सारखा प्रतिसाद देत नाही. आवाज लहान असला की खर्ज आणि टीप अधिक दबलेली वाटतात. आवाज वाढवला की दोन्ही वर येतात आणि गाणे ‘भरलेले’ वाटू लागते. वाढ अगदी थोडी असेल तर ती ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला आवाज’ म्हणून जाणवते.

म्हणूनच गंभीर चाचण्यांत दोन यंत्रांची पातळी ०.१ ते ०.२ डेसिबलच्या आत जुळवली जाते. नुसत्या कानाने किंवा व्हॉल्यूमच्या बटणावरून हे जमत नाही. त्यात आवाजाच्या बारकाव्यांची ताजी आठवण काही सेकंदांपलीकडे टिकत नाही. जुनी वायर काढायची, नवी लावायची, सोफ्यावर येऊन बसायचे, यात दोन-तीन मिनिटे जातात. एवढ्यात आधीच्या आवाजाची आठवण पुसट झालेली असते आणि ती जागा अपेक्षा भरून काढते.

केबलचे गणित काय सांगते?

समजा, अॅम्प्लिफायरपासून स्पीकर पाच मीटरवर आहे आणि इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळणारी दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर वापरली आहे. जाऊन-येऊन दहा मीटर तारेचा रोध सुमारे ०.१३ ओहम होतो. स्पीकर ८ ओहमचा असेल, तर या तारेमुळे पातळी सुमारे ०.१४ डेसिबलने घटते. संगीत ऐकताना साधारण माणसाला एक डेसिबलच्या आतला बदल ओळखणे कठीण जाते. तार अगदी बारीक किंवा फार लांब असेल तर फरक पडतो. त्यावर उपाय म्हणजे जाड तार, महाग तार नव्हे.

एचडीएमआय आणि यूएसबी केबलबद्दल तर ‘उबदार’, ‘मखमली’ हे शब्द आणखी विसंगत ठरतात. या तारांतून आकडे जातात. ते नीट पोहोचले तर आवाज तोच. नीट पोहोचले नाहीत तर आवाज तुटतो, कडकड होते किंवा चित्र गोठते. चुकलेल्या आकड्यांमुळे सारंगी अधिक हळवी वाजू लागली, असे होत नाही. केबल खराब असू शकते, कनेक्टर सैल असू शकतो, आवरण नसलेल्या तारेत विजेची गुणगुण शिरू शकते. हे दोष खरे आहेत आणि चांगली साधी केबल घेतली की ते जातात. त्यापुढचे पैसे वेष्टनाचे आणि विणलेल्या आवरणाचे. ते आवडत असतील तर जरूर द्यावेत, पण कशाचे देतो आहोत हे माहीत असावे.

‘हाय-रेस’ आणि ‘लॉसलेस’चा अर्थ काय?

माणसाचा कान ढोबळमानाने २० ते २० हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो आणि वरची मर्यादा वयानुसार खाली येते. सीडीत सेकंदाला ४४ हजार १०० नमुने घेतले जातात. नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचा ध्वनी पुन्हा पूर्णपणे उभा करता येतो, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. म्हणजे सीडी २२ हजार हर्ट्झपर्यंत पोहोचते. जपान ऑडिओ सोसायटीचे सोनेरी-काळे ‘हाय-रेस’ चिन्ह मिळवण्यासाठी उपकरणाने ४० हजार हर्ट्झपर्यंत पोहोचावे लागते. चिन्ह खरे, मोजमापही खरे. पण त्या वरच्या निम्म्या भागात माणसाला ऐकू येण्याजोगे काही नसते. कुत्र्याला येईल कदाचित.

ब्लूटूथची गंमत आणखी वेगळी. सीडीच्या दर्जाचा ध्वनी सेकंदाला १,४११ किलोबिट लागतो. ब्लूटूथवरील ‘एलडॅक’ हा दर्जेदार समजला जाणारा कोडेक जास्तीत जास्त ९९० किलोबिट पाठवतो आणि गर्दीच्या लोकलमध्ये तो त्याहून बराच खाली येतो. म्हणजे अनेक इअरबड्सवर ‘हाय-रेस’ चिन्ह असते, पण त्यांच्यापर्यंत सीडीएवढी माहितीही जशीच्या तशी पोहोचत नाही. आपल्या सेवेतील लॉसलेस गाणी ब्लूटूथवर लॉसलेस राहत नाहीत, हे अॅपलनेच सांगितले आहे. यात घाबरण्यासारखे काही नाही, कारण चांगल्या दर्जाचा संक्षेप बहुतेकांना ओळखताच येत नाही. पण ‘लॉसलेसची वर्गणी घेतली आणि माझ्या इअरबड्सवर पडदा सरकला’ या वाक्यात पडदा नक्की कुठला, हे विचारायला हवे.

मग सगळी उपकरणे सारखीच का?

मुळीच नाही. स्पीकर आणि हेडफोन यांच्यात मोठा, सहज ऐकू येणारा फरक असतो. कारण तिथे विजेची हालचाल हवेच्या हालचालीत बदलते आणि हे काम अवघड आहे. पण त्या फरकाचा किमतीशी संबंध गृहीत धरता येत नाही. जेरोन ब्रीबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापे तपासली. कोणत्या स्वराला हेडफोन किती उठाव देतो, याचा आणि किमतीचा संबंध त्यांना आढळला नाही.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे खोली. मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमधली दहा बाय दहाची खोली घ्या. समोरासमोरच्या भिंतींत दहा फुटांचे अंतर असले की सुमारे ५६ हर्ट्झचा खर्ज त्यांच्यात अडकून घुमतो. लांबी-रुंदी सारखीच असल्याने हा घुमारा दुप्पट जोर धरतो. एका कोपऱ्यात ढोल फुटल्यासारखा वाजतो, खोलीच्या मधोमध तोच स्वर नाहीसा होतो. हा फरक पाच-दहा डेसिबलचा सहज असतो. स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढणे, बसायची जागा भिंतीपासून सरकवणे, गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी आणि उघड्या भिंतीवर पुस्तकांचे कपाट, एवढ्यानेही आवाज बदलतो. इअरबड्समध्ये हेच काम रबराच्या टोप्या करतात. कानात नीट न बसलेली टोपी खर्ज गायब करते. योग्य मापाची टोपी डब्यातच असते, फुकट.

गंमत अशी, की या फुकटच्या बदलांवर परीक्षणे फारशी येत नाहीत. सतरंजीचे ‘अनबॉक्सिंग’ कोण करणार?

आवाजाला मग आकड्यांतच बोलायचे का?

तसेही नाही. आवाजाचे वर्णन उपमांशिवाय होत नाही आणि आपल्याकडे तर ती परंपरा समृद्ध आहे. आवाज पातळ, जाड, गोल, टोकदार, घोगरा, खुला असतो. तंबोऱ्याची ‘जवारी खुलली’ हे तर कोणत्याही परीक्षणाला शोभेल असे वाक्य. पण त्यात आणि ‘पडदा सरकला’ यात एक महत्त्वाचा भेद आहे.

मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची घोडी घासतो, तारेखालचा सुती दोरा केसभर मागेपुढे सरकवतो आणि तार छेडतो. नाद उमलला की नाही, हे समोर बसलेल्या गायकाला त्याच क्षणी कळते. कारागिराला कळते, साथीदारालाही कळते. दोरा काढला की नाद मिटतो, ठेवला की पुन्हा उमलतो. सी. व्ही. रमण यांनी १९२१ मध्ये लिहिलेल्या लेखात तंबोऱ्याच्या या घोडीचा अभ्यास मांडला. नेहमीच्या नियमानुसार जे स्वरांश उमटायला नकोत, तेही या घोडीमुळे जोरकस उमटतात, असे त्यांनी नोंदवले. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच हातांच्या कसबासाठी.

म्हणजे ‘जवारी खुलली’ ही उपमा असली तरी तिच्यामागे सर्वांना तपासता येणारी घटना आहे. शब्द अलंकारिक असणे हा दोष नाही. शब्दामागे पडताळा नसणे हा दोष आहे.

अतिशयोक्तीने नुकसान कोणाचे?

पहिले नुकसान खिशाचे. समजा, एखाद्याने आधी इअरफोन बदलले, मग हेडफोन घेतले, मग मोबाइलमधल्या आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारा वेगळा डॅक घेतला, मग केबल, मग विजेचा पट्टा. दर टप्प्यावर ‘जमीन-अस्मानाचा फरक’ पडला असेल, तर पहिले इअरफोन ऐकण्याच्याही लायकीचे नसायला हवेत. पण त्यांच्याबद्दलही हेच शब्द वापरले गेले होते. असे शब्द पुढची खरेदी घडवतात, मागच्या खरेदीचा हिशेब मात्र देत नाहीत.

‘बर्न-इन’चा सल्ला याच जातीचा. नवे हेडफोन आवडले नाहीत, तर शंभर-दोनशे तास वाजू द्या, आवाज खुलेल, असे सांगितले जाते. रोज दोन तास ऐकणाऱ्याला शंभर तासांना पन्नास दिवस लागतात. ऑनलाइन वस्तू परत करण्याची मुदत साधारण आठवडा-दहा दिवसांची. तोवर हेडफोन बदलो न बदलो, कान त्यांना सरावतो आणि पैसे परत मिळण्याची वेळ निघून जाते.

दुसरे नुकसान भाषेचे. सगळेच ‘अफाट’ असले की ‘थोडा बरा’ म्हणायला शब्द उरत नाही. ज्या परीक्षकाला खरोखर बारीक फरक ऐकू येतो, त्याचे ‘किंचित’ कोणी वाचत नाही. आणि खरा मोठा फरक सांगायचा तर त्यासाठी लागणारे शब्द आधीच झिजलेले असतात.

कायदा काय करू शकतो?

आकड्यांच्या बाबतीत बरेच काही. नव्वदच्या दशकात भारतीय बाजारात टेप रेकॉर्डरच्या खोक्यांवर ‘१२०० वॅट पीएमपीओ’ असे आकडे झळकत. प्रत्यक्षात सलग मिळणारी ताकद त्याच्या छोट्या अंशाइतकी असे. अमेरिकेत अॅम्प्लिफायरची ताकद कशी मोजून सांगावी याचा नियम फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्येच केला आणि २०२४ मध्ये तो सुधारला. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबईतील भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून समाजमाध्यमांवरील प्रभावकांना पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असल्यास ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहिण्यास सांगितले आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

पण ‘४० तास बॅटरी’ हा दावा तपासता येतो, ‘आत्म्याला भिडणारा आवाज’ तपासता येत नाही. त्यामुळे जाहिरातीची भाषा जितकी धूसर, तितकी ती सुरक्षित. इथे कायद्यापेक्षा वाचक-प्रेक्षकाची सवय अधिक उपयोगी. वर्णन जितके काव्यमय, तितका ‘पातळी जुळवली होती का?’ हा प्रश्न आधी विचारावा.

परीक्षकांनी काय बदलावे?

एक मोजपट्टी आधीच तयार आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९४ मध्ये ध्वनीतील बारीक बिघाड ओळखण्याच्या चाचण्यांसाठी एक पद्धत आखली. त्यात पाच पायऱ्या आहेत. फरक जाणवत नाही. जाणवतो, पण खटकत नाही. किंचित खटकतो. खटकतो. फार खटकतो. बस्स, एवढेच शब्द. जगभर कोट्यवधी लोक ऐकतात ते ध्वनिसंक्षेप अशाच साध्या शब्दांच्या कसोटीवर पारखले जातात.

हीच पट्टी खरेदीसाठी उलटी वापरता येईल. फरक नाही. लक्ष देऊन ऐकले तर आहे. सहज जाणवतो. घरातल्या कोणालाही जाणवेल. यूट्यूबवरच्या परीक्षकाने प्रत्येक उपकरणाला यातली एक पायरी दिली आणि ती डोळे झाकून दिली की उघडे ठेवून, एवढे सांगितले, तरी प्रेक्षकाचे बरेच भले होईल. सध्या बहुतेक परीक्षणांत यातले काहीच नसते.

घरच्या घरी पडताळा कसा घ्यावा?

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक माणूस मदतीला हवा आणि एक नाणे. दोन्ही उपकरणांवर एकच सलग खरखराट वाजवून, मोबाइलमधील ध्वनिमापक अॅप एकाच जागी ठेवून पातळी शक्य तितकी जुळवावी. मदतनीसाने नाणे उडवून छापा आला तर जुने, काटा आला तर नवे उपकरण लावावे आणि तोंडातून शब्द काढू नये. ऐकणाऱ्याने उपकरण न पाहता उत्तर कागदावर लिहावे. असे दहा वेळा करावे.

दहापैकी पाच-सहा उत्तरे बरोबर आली, तर हाती काही लागले नाही. नऊ किंवा दहा बरोबर आली, तर ती निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता सुमारे एक टक्का आहे. तेव्हा फरक आहे असे मानायला हरकत नाही. मग तो फरक आवडतो का आणि तेवढ्या पैशांचा आहे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. हा प्रयोग वस्तू परत करण्याच्या मुदतीत करावा, हे महत्त्वाचे.

छंदावर खर्च करण्यात गैर काही नाही. सुबक लाकडी स्पीकर, जड धातूचे बटण, विणलेली केबल यांचा आनंद असतो आणि तो आनंद म्हणूनच विकत घ्यावा. हरकत आहे ती त्या आनंदाला विज्ञानाचे नाव देऊन, महिन्याचा हप्ता मोजून-मापून ठरवणाऱ्या तरुणाला ‘हे घेतले नाहीस तर तू खरे गाणे ऐकलेच नाहीस’ असे सांगण्याला. साध्या, नीट बसणाऱ्या इअरफोनवरही गाणे पूर्ण ऐकू येते. केबलचे पैसे वाचले, तर डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचे तिकीट काढावे. तिथे गायक खरेच समोर बसलेला असतो.